फाटकाशी ओरडणारे ब्रेक

सकाळी दहाच्या सुमारास आपल्या शाळेच्या फाटकाशी पाच मिनिटं नुसतं उभं राहून बघावं. प्रार्थनेची घंटा व्हायच्या आत गाड्यांची रांग लागते. रिक्षा, व्हॅन, पालकांच्या मोटारी, स्कूटर. एकेक गाडी येऊन थांबते आणि थांबताना त्यातल्या बऱ्याच गाड्या ओरडतात. कुणाची बारीक शीळ, कुणाची फळ्यावर नख ओढल्यासारखी किंचाळी, तर एखाद्या गाडीचा दाताखाली खडा यावा तसा खर्रर्र आवाज. मुलं कानांवर हात ठेवून हसतात. आपण मोठी माणसं हसतही नाही, कारण आपल्याला तो आवाज आता ऐकूच येत नाही.

मी या शाळेचा माजी विद्यार्थी, आता पालक, आणि पोटापाण्यासाठी उद्यमबागेत एक लहानसं मशीन शॉप चालवतो. लेथवर हत्यार ओरडू लागलं की आधी मशीन बंद करायचं आणि मग कारण शोधायचं, हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात. त्यामुळे फाटकावरचा हा आवाज मला जरा जास्तच खुपतो. मागच्या बैठकीत शाळेच्या व्हॅनचे ब्रेक पॅड बदलण्याचा विषय निघाला होता. तीन दुकानांची दरपत्रकं आली होती आणि सगळ्यांत कमी दराचं मंजूर करून मोकळं व्हावं, असा एकंदर सूर होता. वेळ संपल्यामुळे निर्णय पुढच्या बैठकीवर गेला. मधल्या वेळात माझं म्हणणं विश्वस्त मंडळापुढे, पालकांपुढे आणि आठवी-नववीच्या मुलांपुढेही मांडावं, म्हणून हा लेख. माझं म्हणणं थोडक्यात असं की, आपण ब्रेकचा आवाज घालवायला पैसे मोजतो, ब्रेक नीट करायला नाही. आणि दरपत्रक बघून पॅड घेणं हाही त्याचाच एक प्रकार आहे.

आधी मुलांसाठी थोडंसं. तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकात घर्षणाचा धडा आहे. तो मोटारीच्या पुढच्या चाकात बसवलेला आहे असं समजा. चाकाबरोबर एक बीडाची तबकडी फिरते, तिला डिस्क म्हणतात. आपल्या बेळगावच्या फौंड्र्यांत जे करडं बीड ओतलं जातं, त्याच जातीचं. या तबकडीच्या दोन्ही बाजूंना दोन पॅड असतात. पॅड म्हणजे पोलादी पट्टीवर चिकटवलेला घर्षणाचा मसाला. तुम्ही पायाने पेडल दाबलं की ब्रेक ऑइलच्या दाबाने कॅलिपर हे दोन पॅड तबकडीवर आवळतो. गाडीची गतिज ऊर्जा नाहीशी होत नाही, तिची उष्णता होते. हजार किलोची गाडी ताशी साठ किलोमीटर वेगात असली तर ती थांबवताना साधारण १३९ किलोज्यूल उष्णता तयार होते. एक लिटर पाणी ३३ अंशांनी तापवण्याइतकी. वेग निम्मा केला तर ही उष्णता निम्मी नव्हे, पाव होते. वर्गाचं सूत्र फळ्यावर पाठ करण्यापेक्षा हे लक्षात ठेवलं तर पुढे गाडी चालवताना उपयोगी पडेल.

आता आवाजाकडे येऊ. नव्या पॅडचा मसाला साधारण दहा-बारा मिलिमीटर जाड असतो. तो झिजत झिजत दोन-तीन मिलिमीटरवर आला की पॅड बदलायचा. पण चाकाच्या आत कोण डोकावून बघणार? म्हणून बऱ्याच पॅडना पोलादाची एक लहानशी वाकवलेली पट्टी लावलेली असते. मसाला झिजून त्या पातळीला आला की ही पट्टी तबकडीला घासू लागते आणि किंचाळते. गाडी बनवणाऱ्यांनी मुद्दाम बसवलेली ही जीभ आहे. ती बोलू लागली तेव्हा ब्रेक अजून लागत असतो, पॅड बदलायला थोडे दिवस हाताशी असतात. आपण ते दिवस घालवतो. मग मसाला संपतो, पॅडची पोलादी पाठ थेट बीडावर घासते आणि तो खर्रर्र आवाज सुरू होतो. त्या दिवशी गाडी चालवायची नसते. तबकडीवर चरे पडतात आणि पॅडच्या खर्चात डिस्कचा खर्चही येऊन बसतो.

प्रत्येक आवाज हा धोकाच असतो असं मात्र नाही, हेही सांगितलं पाहिजे, नाहीतर आपल्या पावसात सगळं गाव गॅरेजात जाईल. जुलैत रात्रभर बाहेर उभी राहिलेली गाडी सकाळी पहिल्या दोन-चार ब्रेकना घासल्यासारखी वाजते. तो तबकडीवर चढलेला पातळ गंज असतो, गल्ली संपेपर्यंत निघून जातो. कधी पॅड चांगले असूनही ते कॅलिपरमध्ये थरथरतात आणि शीळ घालतात. तेव्हा पॅडच्या पाठीमागची शिम बघावी, कॅलिपरच्या पिना मोकळ्या हलतात का ते बघावं, आणि पिनांना उष्णता सोसणारं खास ग्रीस लावावं. सतत कडक ब्रेक मारून पॅडचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत झाला तरी आवाज येतो. कारणं अनेक आहेत. ती चाक उघडल्याशिवाय कळत नाहीत, एवढंच माझं म्हणणं आहे. एका पालकांनी मला अगदी मनापासून विचारलं, थोडं तेल सोडलं तर आवाज जाईल का हो? जाईल. ब्रेकही जाईल.

मी हे शहाणपणाने सांगतोय असं वाटेल, म्हणून स्वतःची गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात साखळीला मेहुणीच्या लग्नाला आम्ही निघालो होतो. गाडीत सौ., सासूबाई, दोन मुलं आणि डिकीत आहेराची भांडी. गाडी पंधरा दिवस ओरडत होती. मशीन शॉपच्या कामाच्या गर्दीत मी स्वतः चाक उघडलं नाही, एका गॅरेजमध्ये देऊन टाकली आणि सांगितलं की लग्नाला जायचंय, तेवढा आवाज बंद करून दे. त्याने अर्ध्या तासात बंद करून दिला. मी खूष. पैसेही किरकोळ घेतले.

जांबोटी, कणकुंबी मागे पडली आणि चोर्ल्याचा उतार सुरू झाला. गप्पांच्या नादात मी चौथ्या गियरमध्येच, पाय ब्रेकवर ठेवून उतरत होतो. चार-पाच वळणांनंतर सौ. म्हणाली, "अहो, काहीतरी जळल्याचा वास येतोय." पुढच्या वळणावर पेडल दाबलं तर ते नेहमीपेक्षा खाली गेलं. त्याच्या पुढच्या वळणावर आणखी खाली, ओल्या कापसावर पाय ठेवल्यासारखं. गियर तिसरा, दुसरा, मग पहिला असा उतरवत आणला, हँडब्रेक हळूहळू ओढत गाडी डोंगराच्या बाजूला टेकवली. सासूबाई रामरक्षा म्हणत होत्या, त्या गाडी थांबल्यावरही म्हणतच राहिल्या. तासाभराने चाकं निवली, पेडल परत आलं, तेव्हा पहिल्या-दुसऱ्या गियरमध्ये रांगत केरीपर्यंत उतरलो.

साखळीत चाक उघडलं तेव्हा सगळं कळलं. आतल्या बाजूच्या पॅडचा मसाला पुठ्ठ्याएवढा उरला होता. ब्रेक ऑइल काळं झालं होतं. आणि ती जीभ, जी पंधरा दिवस ओरडत होती, ती पक्कडीने मागे वाकवून ठेवलेली होती. मी आवाज बंद करायला सांगितला होता, त्याने केला. त्या गॅरेजवाल्यावर मी रागावू शकलो नाही. माझ्या कारखान्यात कुणी मीटरची लाल बत्ती काढून ठेवली असती तर मी त्याला त्याच दिवशी घरी पाठवलं असतं. इथे मीच ती काढायला सांगून आलो होतो.

पेडल का बसलं, हेही मुलांना समजावं. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर उंच आहे. हजार किलोची गाडी घाटातून सातशे मीटर खाली उतरते तेव्हा जी ऊर्जा मोकळी होते, ती सगळी पाण्यात गेली तर बावीस लिटर पाणी उकळीपर्यंत येईल. योग्य गियरमध्ये उतरलं तर त्यातला मोठा भार इंजिन रोखून धरतं. नाहीतर तो चार चाकांच्या ब्रेकवर येतो. पॅड जाड असला तर मसाला ही उष्णता थोडी अडवतो. पातळ पॅडमधून ती पटकन कॅलिपरमध्ये आणि तिथून ब्रेक ऑइलमध्ये पोचते. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. नवं डॉट ३ जातीचं ऑइल २०५ अंश सेल्सिअसच्या खाली उकळू नये असं मानक सांगतं, पण ओल शोषलेल्या ऑइलसाठी तोच आकडा १४० अंशांवर येतो. ऑइल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. तुमचा पाय ती वाफ दाबत बसतो आणि पॅड जागच्या जागी राहतात. म्हणून दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलावं, पॅड बदलताना तर त्याची आठवण ठेवावीच.

आवाज बंद करण्याचा हा मोह काही आपला नवा नाही. इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टर या अभियंत्याने १९०२ साली डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं. त्याच्या ब्रेकमध्ये तबकडीवर तांब्याचे पॅड घासत आणि ते असे काही किंचाळत की लोकांना ते सोसवेना. १९०७ साली हर्बर्ट फ्रूड यांनी त्यावर ॲस्बेस्टॉसचं अस्तर सुचवलं. आवाज थांबला. उष्णता सोसणारं, स्वस्त, शांत असं हे अस्तर पुढे जगभरच्या मोटारींत गेलं आणि अनेक दशकं राहिलं. त्याच्या धुळीने फुफ्फुसं निकामी होतात, कर्करोग होतो, हे सगळ्यांना पटेपर्यंत मेस्त्रींच्या कितीतरी पिढ्यांनी ती धूळ फुंकून उडवली होती. ब्रिटनने उरल्यासुरल्या पांढऱ्या ॲस्बेस्टॉसवर बंदी घातली ती १९९९ साली. फ्रूड यांना दोष देण्यात अर्थ नाही, त्यांच्यापुढचा प्रश्न त्यांनी सोडवला. पण प्रश्न 'आवाज कसा थांबवायचा' एवढाच ठेवला की उत्तर काय येईल सांगता येत नाही.

आता पॅड कोणते घ्यावेत. बाजारात ढोबळमानाने तीन जाती मिळतात. एक सेंद्रिय तंतू, राळ आणि इतर मसाल्याचे, ज्यांना आपले दुकानदार साधे पॅड म्हणतात. ते मऊ, शांत, तबकडीला सौम्य, पण फार तापले की पकड सोडतात. दुसरे सेमी-मेटॅलिक, पोलादाचे तंतू आणि धातूचा चुरा घातलेले. उष्णता चांगली सोसतात, पण थोडे वाजतात आणि तबकडी जरा जास्त खातात. तिसरे सिरॅमिक. शांत, धूळ कमी, किंमत मात्र बरीच. गावात आणि अधूनमधून घाटात चालणाऱ्या आपल्या व्हॅनला सिरॅमिकची हौस करायची काही गरज नाही, असं माझं मत आहे. गाडी कारखान्यातून ज्या जातीच्या पॅडवर निघाली, त्याच जातीचे, गाडीच्या कंपनीचे किंवा त्या कंपनीला पॅड पुरवणाऱ्या उत्पादकाचे घ्यावेत.

पॅड हातात घेऊन त्याच्या कडेवर बघा. बऱ्याच चांगल्या पॅडवर आकड्यांच्या शेवटी दोन इंग्रजी अक्षरं छापलेली असतात. पहिलं अक्षर साधारण तापमानाला घर्षणांक किती हे सांगतं, दुसरं पॅड तापल्यावर किती ते सांगतं. 'ई' म्हणजे ०.२५ ते ०.३५, 'एफ' म्हणजे ०.३५ ते ०.४५, 'जी' म्हणजे ०.४५ ते ०.५५. पहिलं अक्षर 'एफ' आणि दुसरं 'ई' असलं, तर ऐन घाटात, जेव्हा गरज जास्त, तेव्हा पकड कमी होणार. वरचं अक्षर म्हणजे जास्त चांगलं असंही नाही. पुढच्या चाकांनी फार धरलं आणि मागच्यांनी कमी, तर ओल्या रस्त्यावर गाडीचा तोल बिघडतो. मूळ पॅडवर जे अक्षर होतं तेच घ्यावं. खोक्यावर ॲस्बेस्टॉस नसल्याचं छापलेलं असावं, आणि मसाला पट्टीला सगळीकडे नीट चिकटलेला असावा, कडेला फट नको.

आणि ती जीभ आहे का ते बघावं. हलक्या दराच्या पुष्कळ पॅडना ती लावलेलीच नसते. ते पॅड शेवटपर्यंत शांत राहतात. गिऱ्हाईक म्हणतं, काय छान पॅड आहेत, आवाज नाही. आपल्याकडे आलेल्या तीन दरपत्रकांत कमी दराचे पॅड या जातीचे आहेत की नाहीत, मला माहीत नाही, आणि मंडळालाही माहीत असण्याचं कारण नाही, कारण दरपत्रकावर नुसतं 'ब्रेक पॅड, एक संच' एवढंच लिहिलेलं आहे. त्या एका ओळीत दुकानदार काहीही देऊ शकतो.

विश्वस्तांची अडचण मला समजते. शाळेचा पैसा वर्गणीतून आलेला, हिशेब चोख ठेवावा लागतो, तीन दरपत्रकं मागवून कमी दराचं घेणं हा नियम चांगल्या हेतूनेच झाला आहे. तो मोडा असं मी म्हणत नाही. मागणीपत्रातच लिहा: गाडीच्या कंपनीचा सुटा भाग क्रमांक अमुक, घर्षणाची अक्षरं अमुक, झिजेची खूण देणारी पट्टी असलेले, ॲस्बेस्टॉस नसलेले, पक्क्या पावतीसह. मग त्यावर येणाऱ्या तीन दरांतला सगळ्यांत कमी खुशाल घ्या. पुढच्या दोन्ही चाकांचे चारही पॅड एकदम बदला, एका बाजूचे नकोत. तबकडीवर किमान जाडी कोरलेली असते, ती मोजून त्याखाली गेली असेल तर तबकडीही बदला. नवे पॅड बसल्यावर गाडी हलवायच्या आधी पेडल कडक होईपर्यंत दाबा, हे अनुभवी मेस्त्रीही कधी विसरतात. आणि पहिले दोनशे-तीनशे किलोमीटर विनाकारण करकचून ब्रेक मारू नका, पॅड आणि तबकडी एकमेकांना लागायला तेवढा वेळ द्यावा लागतो.

मागच्या चाकांची वेगळी गोष्ट. आपल्या व्हॅनला, आणि लहान गाड्यांपैकी बहुतेकांना, मागे ड्रम ब्रेक असतात. त्यातल्या लायनरना ओरडायला जीभ नसते. ते मुकाट्याने झिजतात. तिथे शांतता असली म्हणून काही कळत नाही, ड्रम काढूनच बघावं लागतं. ड्रम उघडल्यावर आतली धूळ कंप्रेसरच्या हवेने किंवा तोंडाने उडवू नये, ओल्या कपड्याने पुसावी. आधीच्या मालकाने कोणते लायनर घातले होते ते आपल्याला ठाऊक नसतं.

शेवटी पालकांना थोडं टोचणारं बोलतो, माफ करा. शाळेची व्हॅन एकच आहे. आपली बहुतेक मुलं येतात ती खाजगी रिक्षांतून आणि व्हॅनमधून. जूनमध्ये आपण काय करतो? व्हॅनमामाने महिन्याला पन्नास-शंभर रुपये वाढवायचे म्हटले की चार पालक मिळून त्याला घासाघीस करतो, दुसरा मामा कमी घेतो म्हणून सांगतो. मीही केलं आहे. मामा शेवटी कबूल होतो, कारण त्यालाही घर आहे. डिझेलवर तो काटकसर करू शकत नाही, हप्ता चुकवू शकत नाही. मग उरतं काय? टायर आणि ब्रेक. आपण वाचवलेले ते शंभर रुपये कुठून येतात, हे त्याच्या गाडीचं चाक उघडलं की दिसतं. आणि ती गाडी ओरडत फाटकाशी आली की आपणच म्हणतो, अरे मामा, जरा तेल-पाणी कर की गाडीला.

मी व्हॅनमामांच्या बाजूने बोलतोय असं कुणाला वाटलं तर वाटू दे. त्यांच्यापैकी दोघांशी मी बोललो. पॅड वेळेवर बदलायला ते तयार आहेत. पावती दाखवायलाही तयार आहेत. त्यांचं एवढंच म्हणणं की, मग जूनमध्ये घासाघीस करू नका.

माझ्या मते शाळेने एक वही ठेवावी. शाळेची व्हॅन, आणि ज्या मामांची इच्छा असेल त्यांच्या गाड्या, दर सहा महिन्यांनी उघडून पुढच्या पॅडची आणि मागच्या लायनरची जाडी मोजावी आणि तारखेसह लिहावी. पावसाळ्याच्या आधी एकदा आणि दिवाळीनंतर एकदा, म्हणजे सहलींच्या आधी. व्हर्नियर कॅलिपर आपल्या प्रयोगशाळेत आहे, मी शिकत होतो तेव्हापासून आहे, आणि बहुधा तेव्हाइतकाच नवा आहे. नववीच्या मुलांनी त्यावर पेन्सिलीची जाडी मोजण्यापेक्षा पॅडची मोजावी. मोजायला शिकवायला आणि चाकं उघडायला मी माझ्या दोन कामगारांसह येत्या कोणत्याही शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर, यायला तयार आहे. जॅक आणि पाने माझे. हातमोजे, बादलीभर पाणी आणि जुने कपडे तेवढे शाळेने द्यावेत.